गुडघ्याचं कारण

"सुईला भ्यायची आणि मी?" आई तोंडाला पदर लावून हसली. "अवो आबा, जलम सुईवर काढलाय मी."

शेजारच्या बाकड्यावरचे आबा काही हसले नाहीत. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळून, काठीवर हनुवटी टेकवून ते बसले होते आणि नवीन आलेल्या पेशंटला घाबरवायचं काम त्यांनी बिनपगारी पत्करलं होतं.

"तुझी सुई कापडात जाती बाई. ही गुडघ्यात जाती, वाटीच्या बाजूनं." अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी माप दाखवलं. "एवढी असती."

"मग काय, गुडघ्याला काज करून वर बटनबी लावून देत असतील!"

आता बाकड्यावरची सगळी दुखरी माणसं हसली. आबांनीसुद्धा काठीआड तोंड लपवलं.

कऱ्हाडातल्या हाडांच्या दवाखान्यातली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझं लग्न ठरलेलं होतं. वडील मी शाळेत जायच्या आधीच गेले, आणि तेव्हापासून आईनं पायाच्या मशीनवर गावाचं शिवण करून मला वाढवलं. गावात नवरी कुणाचीही असो, तिचं पोलकं आईच्या हातचं. आणि नुसतं पोलकंच न्यायला बाया यायच्या नाहीत. उखाणे न्यायच्या, फुगडीची गाणी न्यायच्या. आई पायडल मारता मारता जुळवायची. चाक फिरायचं, शब्द फिरायचा, आणि दोरा तोडताना यमक जागेवर पडायचं. बाया ते गाणं पदरात घालून न्यायच्या, खेळायच्या, दमायच्या. आई तेवढी जायची नाही. "माझे गुडघे दुखत्यात गं," म्हणायची. हळदीला बोलावलं की गुडघे. पंचमीच्या फेराला बोलावलं की गुडघे. माझ्या लहानपणी आमच्या घरात आई, मी आणि गुडघेदुखी अशी तीन माणसं राहायची म्हणा ना.

अलीकडे मात्र ती खरोखर लंगडायला लागली होती. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायची, "वयाचं दुखणं हाय, वयाबरोबर जाईल." तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ यायचे. आणि माझ्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हीच आई चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, "उजे, मला हाडाच्या डॉक्टरकडं ने."

साखरपुड्यात झालं होतं एवढंच. निघताना माझ्या होणाऱ्या सासूबाई, शालनबाई, उंबऱ्यात थांबून मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं लग्नात विहिणी-विहिणींची फुगडी असती हां! त्याशिवाय आम्ही नवरी उचलत न्हाई." मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, लगबगीनं बोलली होती, "होईल की! हौसाचे गुडघे दुखत्यात, पर मी हाय. मी घालीन." आई तेव्हा पानसुपारीचं तबक धरून उभी होती.

आता बाकड्यावर ती गुडघा चोळत ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

"काय जुळवतेस?"

"गुडघा म्हणे बस बाई, पाय म्हणे ऊठ," ती म्हणाली. "पुढचं सुचंना. ऊठला काय जुळतं गं? तू मास्तरीण हायस."

"लूट. झूट. बूट."

"बूट घालून कोण फुगडी घालतं गं?" तिनं कपाळावर हात मारला. "जाऊ दे. सुचंल तवा सुचंल."

आत डॉक्टर घोरपड्यांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. मला त्यात आईचा गुडघा ओळखू येईना. दोन हाडं, आणि मधली फट एका बाजूला अगदी दोऱ्याएवढी.

"किती दिवस दुखतोय मावशी?"

आईच्या आधी मीच बोलले. "मला कळतंय तेव्हापासून, डॉक्टर. मी लहान होते तेव्हाही तिचे गुडघे दुखायचे."

डॉक्टरांनी एकदा एक्स-रेकडे पाहिलं, एकदा आईकडे. "हा फोटो तसं सांगत नाही. एवढी वर्षं दुखत असतं तर आज ह्या दवाखान्याची पायरी चढून आल्या नसत्या. ही झीज अलीकडची आहे."

"तिचं काय ऐकता," आई घाईनं म्हणाली. "खरं दुखतंय ते आत्ता आत्ता. मशीनच्या पायानं."

"आणि आधीचं?"

"आधीचं ते असंच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढे लिहायला लागले. बायका आपलं दुखणं असंच कमी करून सांगतात, हे त्यांच्या सवयीचं असणार. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"हे बघा मावशी," ते म्हणाले, "दोन हाडांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते. तुमची एका बाजूची झिजलीय. ती काही मी परत भरून देऊ शकत नाही. झिजल्यामुळं आत सूज येते आणि सूज आली की कळा येतात. इंजेक्शननं मी ती सूज उतरवीन. कळ कमी होईल. काही आठवडे बरं वाटेल, कुणाला दोन-तीन महिनेसुद्धा वाटतं. पण दुखणं थांबलं म्हणजे गुडघा नवा झाला असं समजायचं नाही. आणि हे इंजेक्शन सारखं सारखं घेता येत नाही."

"मला सारखं नकोच," आई म्हणाली. "लेकीच्या लग्नापुरतं द्या."

"का? लग्नात खूप चालायचंय?"

"फुगडी घालायचीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"नाही."

"बसफुगडी न्हाई म्हणत मी."

"बसफुगडीचं तर नावच काढू नका."

"उभीच. एकच. सावकाश."

"मावशी, सावकाश फुगडी कुणी बघितलीय का आजपर्यंत?"

"मी दाखवीन तुम्हाला."

बाजारात कापडाच्या ठाणावर हात ठेवून आई जशी घासाघीस करायची तशीच इथे करत होती. हात टेबलावर, नजर समोरच्याच्या डोळ्यांत. दुकानदार जिंकलाय असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. मलाही हे नवीनच होतं. जिला मी जन्मात कधी फुगडी घालताना पाहिलं नाही ती बाई फुगडीसाठी गुडघ्यात सुई घ्यायला बसली होती.

"असं करू," शेवटी ते म्हणाले. "इंजेक्शन हे अर्धं काम. कळ कमी झाली की मांडीचे स्नायू बळकट करायचे, ते दुसरं अर्धं. मी व्यायाम दाखवतो, ते रोज करायचे. लग्नाआधी मला दाखवायला या. सूज नसली, पायात जोर आला असला, तर मी परवानगी देणार नाही. पण रागावणारही नाही. उडी नाही. झटका नाही. आणि कळ आली की लगेच हात सोडायचा."

"हात सोडायचा न्हाई डॉक्टर," आई गंभीरपणे म्हणाली. "फुगडीत हात सोडला तर दोघी पडत्यात. थांबायचं."

"बरं. थांबायचं."

साखर तपासली, काठावर होती. ह्या औषधानं काही दिवस ती वर जाते, तेव्हा गोड कमी, असं त्यांनी बजावलं. "लेकीच्या लग्नातली बुंदी तेवढी चाखीन," आई म्हणाली, आणि पाय लांब करून टेबलावर पडली. गुडघा पुसला, सुई काढली. मी भिंतीकडे तोंड केलं. आईनं नाही. एखादी नवखी पोर मशीनवर बसली की तिच्या हाताकडे आई जशी पाहायची तशी ती त्या सुईकडे टक लावून पाहत होती.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"एवढंच? आबांनी उगंच माप वाढवून सांगितलं."

घरी येताना यष्टीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "उजे, ह्यातलं कुणाला सांगू नगंस."

"का गं? चांगलीच गोष्ट आहे की."

"शिवत असताना कापड कुणी बघू ने. शिवून झालं की बघावं."

पहिले दोन दिवस गुडघा उलट जास्तच ठणकला. मी फोन करायला निघाले तर म्हणाली, "डॉक्टर बोललेत असं होतं म्हणून. थांब." मग एका सकाळी मी दात घासत दारात उभी होते. आई चुलीपुढची उठली. भिंतीला हात न लावता उठली. स्वतःच चमकली. पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. नवी शिवण दोन्ही हातांनी ओढून बघावी, टाका उसवतोय का, तशी ती आपल्या गुडघ्याला ओढून बघत होती. मी मागे सरले. तिला मी दिसले नसेन असं मला वाटतं.

व्यायाम तिनं नेटानं धरले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची होती, तर तिनं चिंध्या भरून खास एक लोड शिवला. त्याला लाल किनार लावली. पाय सरळ उचलून धरायचा होता, तर घड्याळ न बघता एक ओवी म्हणून होईपर्यंत धरायची. ओव्या तिच्याच, त्या त्या दिवशीच्या.

*पाय माझा उचलते, नेते वर, ठेवते खाली,*
*लेक माझी परक्याची, माप ओलांडाया निघाली.*

म्हणताना घाम यायचा. कधी ओवी अर्ध्यात राहून पाय खाली यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, आजच्यापुरतं बास," मी म्हणायचे.

"ओवी अर्धी ठेवू ने," ती म्हणायची.

एक दिवस मोठीआई आली. माझ्यासाठी तिनं हिरवा चुडा बघून ठेवला होता, रुखवतासाठी शेवयांचं मखर करायला घेतलं होतं. मोठीआई मनानं लोण्यासारखी बाई. वडील गेल्यावर पहिलं वर्षभर ती रात्री आमच्याकडे झोपायला यायची. आमच्यात काय कमी आहे ते आमच्या आधी तिला कळायचं.

"कन्यादानाला आम्ही दोघं बसतोय. त्याची काळजी नगं," ती आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आन फुगडीचंबी मी बघते. ती शालनबाई काय ऐकायची न्हाई. दणकट बाई हाय. तू आपली खुर्चीवर बस निवांत. तुझे गुडघे दुखत्यात."

"हं," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. आईनं खालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात, मांडीत बळ आलेलं मला तिथंच कळलं.

मोठीआई गेल्यावर मी भांडले. "का नाही सांगू दिलंस? तिला आनंदच झाला असता."

आई कात्रीनं कापड सरळ करत होती. "मग तिला दुसरं कारण हुडकावं लागलं असतं," ती म्हणाली. "कशाला बिचारीच्या डोक्याला आत्तापासनं ताप?"

मला त्याचा अर्थ लागला नाही. लग्नाच्या गडबडीत मी तो शोधलाही नाही.

लग्न तोंडावर आलं आणि आईनं घोळ घातला. माझ्या लग्नाचं पोलकं तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ते काढलं, आणि डॉक्टरांचं सांगणं विसरून सबंध दिवस पायडल मारत बसली. मी शाळेतून आले तर ती मशीनवरच होती आणि गुडघा भाकरीसारखा फुगला होता. उठायला गेली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"झालं का समाधान?" मी रडकुंडीला आले होते. "चल, आत्ताच्या आत्ता कऱ्हाडला. दुसरं इंजेक्शन घेऊ."

"ते सारखं देत न्हाईत. सांगितलंय त्यांनी." ती दात आवळून खाटेवर बसली. "बर्फ लावा म्हणालेत."

आमच्याकडे कुठला बर्फ! मी कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले आणि पोरं चोखतात त्या गारेगार पेप्सीच्या नळ्या ओंजळभर घेऊन आले. लाल, केशरी, हिरव्या. फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवल्या. आईनं डोळे मिटून घेतले आणि जरा वेळानं एका डोळ्यानं बघत म्हणाली, "केशरी वितळायच्या आत तू खाऊन टाक. वाया कशाला?"

मी हसले आणि मला रडूही आलं. "आई, नको ना ती फुगडी. मोठीआई घालेल. काय फरक पडतो?"

तिनं डोळे पूर्ण उघडले. माझ्यावर ती कधी चिडायची नाही. तेव्हाही चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पडतो."

डॉक्टरांना फोन केला. ते रागावले, पण मग म्हणाले, पाय उंच ठेवा, मशीनला हात लावायचा नाही, सूज उतरेल. सूज उतरली नाही तर फुगडीचा विषय बंद. आईनं ते कबूल केलं. राहिलं माझं पोलकं. एक बाही लागायची होती, पाठीची पट्टी राहिली होती. दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्यायचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

"तू बस स्टुलावर," आई म्हणाली. "पाय तुझा, हात माझा."

मी स्टुलावर बसले. आई शेजारी खुर्चीत, दुखरा पाय बाजेवर लांब ठेवून माझ्यावर वाकली. तिचे दोन्ही हात सुईपाशी, माझे दोन्ही पाय पायडलवर. पहिल्यांदा चाक उलटंच फिरलं आणि दोरा तुटला. "तालात, उजे. ढकलू नगंस, झुलव." हळूहळू ताल लागला. तिचा श्वास माझ्या कानाशी, आणि खाली माझ्या पायांनी पुढे सरकणारं माझंच लग्नाचं पोलकं. ती 'थांब' म्हणाली की मी थांबायचे. ती मान हलवायची, मी पायडल झुलवायचे. शेवटचा टाका झाला तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"तुझे चांगले हायत," ती म्हणाली. "संभाळ."

सूज उतरली. लग्नाआधी डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, आईला पाय वर धरायला लावला, त्यावर आपला हात ठेवून खाली ढकलला. पाय हलला नाही. ठरल्याप्रमाणे त्यांनी परवानगी दिली नाही आणि रागावलेही नाहीत.

लग्नाच्या दिवशी आई कार्यालयात खांबाजवळ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. जांभळी साडी, केसांत काही नाही, गळ्यात माझ्या वडिलांनी आणलेली सोन्याच्या मण्यांची साधी माळ. कन्यादान मोठ्या काकांनी आणि मोठीआईनं केलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलायला लागली तशी सासरच्या बायांनी मधली सतरंजी गुंडाळली आणि रिंगण धरलं. शालनबाई पदर खोचून मधे आल्या.

"कुठं हायत आमच्या विहीणबाई? का भ्याल्या?"

मोठीआईनं कमरेला पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि रिंगणात पाऊल टाकलं. "भ्यायला काय झालं? हाय की मी."

तेव्हा खांबाजवळची खुर्ची मागे सरकली.

आई चालत आली. हात कशालाही न लावता उठली होती, आणि लंगडत नव्हती. रिंगणातल्या बायांची गडबड एका कडेनं विझत गेली. मी माझ्या नवऱ्याशेजारी, प्रमोदशेजारी, मुंडावळ्या अजून कपाळावर, तिथून उठून उभी राहिले.

मोठीआई तिच्या कानाशी गेली. "हौसा, बस गं. गुडघे दुखतील तुझे."

"दुखत न्हाईत अक्का," आई म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "डॉक्टरकडनं इंजेक्शन घेतलंय. सूज उतरलीय. आता काय दुखत न्हाई."

 मग प्रमोदच्या आत्याबाई, कपाळभर कुंकू लावलेल्या, खाकरल्या. "न्हाई, तसं न्हाई... गुडघ्याचं खरं हाय... पर विहीणबाई, तुम्ही म्हंजे..."

"म्हंजे काय?" आईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. माप घेताना विचारावं तसं तिनं विचारलं होतं, बाही कुठवर ठेवू? "इतकी वर्सं गुडघ्याचं कारण होतं. ते मी काढून आलेय. दुसरं काय असंल तर ते बोला. समद्यांच्या म्होरं बोला. मी जाते, खुर्चीवर बसते."

आत्याबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. बायांनी नजरा जमिनीला लावल्या. सगळ्यांना ठाऊक असलेला तो शब्द त्या रिंगणाच्या मधोमध पडला होता आणि उचलायला कुणाचा हात वाकत नव्हता.

शालनबाई आईकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. मी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. त्या बोलल्या ते आईशी की स्वतःशी, कोण जाणे.

"माझ्या लग्नात माझ्या आईचेबी गुडघेच दुखत होते."

आणि तेव्हा मला कळलं. पंचमीचा फेर, हळदी, मंगळागौरी, दारावर येऊन "चल गं हौसा" म्हणणाऱ्या बाया, आणि त्यांनी अवघडून थांबायच्या आत, त्यांच्या तोंडून नकार यायच्या आत, आईनं स्वतःहून पुढे केलेला आपला धडधाकट गुडघा. अठ्ठावीस वर्षांची होती ती तेव्हा. तिचं कुंकू पुसलं त्याच वर्षी तिचे गुडघे दुखायला लागले होते.

मोठीआई मधेच उभी होती. तिचे डोळे भरले होते. तिनं आपला खोचलेला पदर सोडला. मग आईचा पदर हातात घेतला, चांगला पिळला आणि आईच्या कमरेला घट्ट खोचून दिला.

"सुटंल न्हाय तर," ती म्हणाली, आणि मागे सरून रिंगणात जाऊन उभी राहिली.

शालनबाईंनी दोन्ही हात पुढे केले, मनगटावर मनगट ठेवून. "विहीणबाई, मी भारी हाय बरं का. तुम्ही सोडलं तर दोघी आपटू."

"सोडायला आली न्हाई मी."

पावलांना पावलं लावली. दोघी मागे झुकल्या. आणि फुगडी सुरू झाली, सावकाश, खरंच सावकाश. अशी सावकाश फुगडी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. उडी नाही, झटका नाही. पाण्यावर तांब्या फिरावा तशा दोघी फिरत होत्या. आईची मान मागे गेली, चेहरा वर छताकडे. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलत होते. मग आवाज फुटला. आधी कोरडा, मग भरलेला. तो आवाज मी घरातच, बहुधा मशीनच्या खडखडाटात ऐकला होता. चारचौघींत पहिल्यांदाच ऐकत होते.

*गुडघा म्हणे बस बाई, पाय म्हणे ऊठ,*

ती क्षणभर थांबली.

*विहीणबाईच्या हाताची सुटू नये मूठ!*

बायांनी एकदम उचललं. टाळ्या पडायला लागल्या. मोठीआईची टाळी सगळ्यांत मोठी. दुसऱ्यांदा म्हणताना शालनबाईंनीही आवाज लावला, त्यांचा भसाडा, आईचा बारीक. आत्याबाईंचे हात आधी पोटाशीच होते. मग तेही वाजायला लागले. ताल चुकवत, पण वाजायला लागले.

कुठल्यातरी फेऱ्यात आईच्या भुवया किंचित आवळल्या. मी पाहिलं. शालनबाईंनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी फिरणं हलकेच मंद केलं. दोघी थांबल्या. हात सोडले नाहीत. तसेच गुंफलेले हात धरून धापा टाकत, एकमेकींच्या कपाळाला कपाळ टेकून हसत उभ्या राहिल्या. हात सुटे झाल्यावर शालनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उचला आता नवरी! झाली फुगडी."

पाठवणीला गाडीच्या दाराशी आईनं मला जवळ घेतलं. सगळ्या बाया रडत होत्या. मी तिच्या खांद्यावर तोंड खुपसलं. सासरी कसं वागायचं, कुणाला काय म्हणायचं, असलं काही ती कानात सांगेल असं मला वाटलं. तिनं सगळा भार डाव्या पायावर टाकला होता. माझा दंड तिनं घट्ट धरला, आधाराला धरतात तसा.

"उजे," ती माझ्या कानात कुजबुजली, आणि तिचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं, "आता खरा दुखाय लागला गं."